नऊ बादल्या

रजिस्टरात वजनाचा रकाना आहे,
उंचीचा आहे, दंडाच्या घेराचा आहे,
चावण्याचा नाही.

टिकू हेडाऊ, तीन वर्षं दोन महिने,
बारा किलो चारशे, हिरव्या पट्ट्यात.
सोमवारी त्यानं रिद्धीला चावलं,
बुधवारी मला.
मनगटावर दातांचा अर्धा चंद्र घेऊन
मी खिचडी वाढली.
मदतनीस कुसुमबाई म्हणाली,
भैताड पोट्टं आहे, बाई,
दोन लगावा, सुधरते.
मी बोलली नाही.

एप्रिलचा शेवट, पारा चव्वेचाळीस.
दुपारी दोनला गोळीबार चौकातून आत वळली,
डोक्याला दुपट्टा, पर्समध्ये कांदा.
गल्लीत कुत्रंही नव्हतं,
डांबर चप्पल धरून ठेवत होतं.

दार उघडंच.
आत मोठा लोखंडी कुलर सुरू
आणि खोलीभर गरम वारा.
टाकीत थेंब नाही,
वाळ्याच्या ताट्या करकरीत वाळलेल्या.
नुसता पंखा फिरून राहिला होता,
कोण जाणे कधीपासून.

त्याच्यासमोर निवेदिता, टिकूची आई,
मांडीवर दोन महिन्यांची पोरगी,
नजर भिंतीवर.
भिंतीवर काही नाही.
म्हणाली, बसा ना ताई,
आणि विसरून गेली की मी बसली.

मी विचारणार होती, मुलगा काऊन चावते?
घरात कोणी मारते का? मोबाईल किती वेळ?
सगळे प्रश्न लिहून आणले होते,
प्रशिक्षणात मिळालेल्या पेनानं.
विचारलं भलतंच:
तू झोपली कधी?

ती मोजायला लागली. बोटं संपली.
मग हळूच, शेजारी उसनं मागावं तसं,
ताई, ही रडते ते ऐकू येते मला,
पण हात उचलत नाही.
टिकू पहिले हाक मारते,
मग ओढते,
मग चावते.
चावलं की मी वळून पाहते त्याच्याकडे.
तेवढंच पाहते दिवसभरात.

मी मनगट पदराखाली घेतलं.

मोरीतली बादली उचलली.
एक. दोन.
कोरडा कुलर पहिले सगळं पिऊनच घेते,
काही कळत नाही पाणी गेलं कुठं.
तिसरीला नुसता वास येते.
टिकू दारामागून पाहून राहिला होता.
पाचवीला मग घेऊन आला,
अर्धा पायावर सांडला, अर्धा ओतला,
आणि पाहिलं आईकडे, माझ्याकडे नाही.
सातवीला माझी कंबर बोलली.
नऊ.
मोटर खाकरली,
पहिली गार झुळूक पोरीच्या जावळावर आली.
निवेदितानं डोळे मिटले.
रडली की झोपली, सांगता येत नाही.
पोरगी मी खांद्यावर घेतली.
टिकू माझ्या गुडघ्याला टेकला, तोंड मिटून.

हे काही बरं होणं नव्हे.
कुलर संध्याकाळपर्यंत पुन्हा कोरडा होते.
मंगळवारी तिला मेयोत न्यावं लागेल,
तिथल्या बाकावर सोबत बसावं लागेल,
सासूला सांगावं लागेल, हे नखरे नाहीत,
आणि बुटीबोरीहून रात्री अकराला येणाऱ्या
नवऱ्याला बादली दाखवावी लागेल.
दोन्ही बादल्या.

घरी आली तेव्हा आठ वाजले.
चप्पल न काढता पलंगावर बसली.
रजिस्टर उघडून समासात लिहिलं:
टिकू – चावतो. पाहिलं की थांबतो.
आई – झोप नाही. हात उचलत नाही.
खाली दोन ओळींची जागा उरली होती.
पेन तिथंच ठेवून बसून राहिली,
शाई उतरून एक ठिपका झाला.

आतून माझा पोरगा ओरडला, सतरा वर्षांचा,
आई, कुलरमध्ये पाणी नाही टाकलं का तू?
गरम फेकून राहिला न!

मी म्हटलं,
तू टाक.